यमाने देऊ केलेले रथ आणि वाद्ये

कठोपनिषदाच्या पहिल्या वल्लीत यम नचिकेत्याला तिसऱ्या वरापासून परतवण्यासाठी एकामागून एक प्रलोभने पुढे करतो. शंभर वर्षे जगणारे पुत्रपौत्र, गाईगुरे, हत्ती, घोडे, सोने, विस्तीर्ण भूमी आणि मनाला येईल तेवढे आयुष्य देऊ करूनही मुलगा ढळत नाही हे पाहिल्यावर तो अखेरीस मर्त्य लोकात दुर्मिळ अशा सुंदर स्त्रिया देऊ करतो, आणि त्याही नुसत्या नव्हे, तर रथांसह आणि वाद्यांसह. वाचकाचे लक्ष साहजिकच स्त्रियांकडे आणि आयुष्याकडे जाते, रथ-वाद्यांची जोडी मात्र नजरेतून निसटते. नचिकेत्याच्या नजरेतून ती निसटत नाही, कारण उत्तर देताना तो वाहनांचा आणि नृत्यगीतांचा वेगळा उल्लेख करतो व ती यमाकडेच राहू देत असे बजावतो.

चालत्या वाहनात संगीत ही त्या काळी केवळ देवांच्या आवाक्यातली गोष्ट आता लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे गिरगावच्या वेशीवरील डॉ. भडकमकर मार्गावर, सुट्या भागांत विकत मिळते. परळचा किंवा दादरचा एखादा गृहस्थ गाडीतली म्युझिक सिस्टीम बदलायचे ठरवतो, महिनोन्‌महिने माहिती गोळा करतो, कागदावर आराखडा काढतो, खर्चाची तोंडमिळवणी करतो आणि मग एखाद्या रविवारी गाडी फिटिंगला लावतो, तेव्हा नचिकेत्याने नाकारले तेच तो पदरचे पैसे मोजून घेत असतो काय, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही.

त्याला दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही तितकीच तोकडी आहेत. पहिले उत्तर निवृत्तिमार्गाचे: हा विषयोपभोग आहे, सबब त्याज्य आहे. दुसरे उत्तर चार पुरुषार्थांच्या चौकटीतून येते. धर्म, अर्थ आणि मोक्ष यांच्या पंगतीला काम, म्हणजे इंद्रियांना सुखावणाऱ्या गोष्टींची इच्छा, हाही पुरुषार्थच मानलेला आहे. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत गीत आणि वाद्य हीच पहिली दोन नावे आहेत आणि धर्माला बाधा न आणणारा काम गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंताचेच रूप ठरतो. लॅमिंग्टन रोडपासून पायी जाण्याच्या अंतरावर, गिरगावच्या आंग्रेवाडीत राहून महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राचा जो पाच खंडांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यात ओळखू येणारा हिंदू गृहस्थ हा भोग टाकून बसलेला नव्हे, भोगाला जागा आखून देणारा माणूस आहे. तरीही ‘भोग चालतो’ एवढे म्हटल्याने काम भागत नाही, कारण गाडीतल्या आवाजाच्या इच्छेचा स्वभाव इतर पुष्कळ इच्छांहून निराळा आहे आणि तो न्यायशास्त्रातील एका संज्ञेने अधिक नेमका पकडता येतो. ती संज्ञा म्हणजे अनवस्था. एक गोष्ट सिद्ध करण्यासाठी दुसरी मानावी लागते, दुसरीसाठी तिसरी, आणि ही साखळी कुठेच टेकत नाही, तेव्हा नैयायिक त्या विचारात अनवस्थेचा दोष दाखवतात.

आवाजाची साखळी अशीच लांबत जाते. कारखान्यातून गाडीबरोबर आलेला, म्हणजे बाजाराच्या भाषेत ‘कंपनी फिटेड’ स्टिरिओ बदलण्यापासून बहुधा सुरुवात होते. जर्मन मानकानुसार त्याचा कोनाडा १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असला तर त्याला सिंगल डिन म्हणतात आणि उंची दुप्पट असली तर डबल डिन. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत पडदा डॅशबोर्डशी एकजीव केलेला असल्यामुळे ही पहिली पायरीच अडते, आणि मूळ युनिट जागेवर ठेवून त्याच्या स्पीकरच्या तारांवरून संकेत उचलणारा प्रोसेसर बसवावा लागतो. युनिट सुधारले की स्पीकरचा आजवर न खुपलेला पुठ्ठ्यासारखा आवाज खुपू लागतो, म्हणून पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर येतात. त्यांत खालच्या व मधल्या स्वरांचा वूफर आणि वरच्या स्वरांचा ट्वीटर वेगळे असतात आणि क्रॉसओव्हर नावाचा छोटा परिपथ स्वरांची दोघांत वाटणी करतो. या स्पीकरना युनिटची ताकद अपुरी पडते, म्हणून चार चॅनेलचा अँप्लिफायर, म्हणजेच अँप, येतो. अँपसाठी थेट बॅटरीपासून जाड तार ओढावी लागते आणि त्या तारेवर बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आत फ्यूज बसवावा लागतो, कारण पत्र्याला घासून तार उघडी पडली तर फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला कोणतेच संरक्षण नसते. मग तार अस्सल तांब्याची की तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, ही चौकशी सुरू होते. अर्थिंग नीट झाले नाही तर इंजिनच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ स्पीकरमधून ऐकू येते. दारातून दमदार आवाज निघू लागला की दाराचा पत्राच थरथरतो हे लक्षात येते, मग त्यावर ब्यूटाइल रबराच्या डॅम्पिंग शीट चिकटवायच्या. एवढे झाल्यावर खर्जाची उणीव जाणवते आणि डिकीत सबवूफर येतो. सबवूफर आला की बॅटरीकडे पाहावे लागते.

या साखळीचे वैशिष्ट्य असे, की तिच्यातली प्रत्येक कडी प्रामाणिक असते. तृष्णेवरच्या नेहमीच्या प्रवचनात वस्तू फसवी असते, मिळाल्यावर तिची गोडी संपते आणि मन दुसरीकडे धावते. ययातीच्या कथेतील आगीत ओतलेल्या तुपाचा दाखला त्याच प्रकारच्या इच्छेला लागू पडतो. येथे वस्तू फसवत नाही. नवा स्पीकर खरोखरच चांगला वाजतो, आणि तो चांगला वाजतो म्हणूनच पुढचा दोष उघडा पडतो. दोष नव्याने जन्मत नाही, आधीपासून असलेला दिसू लागतो, आणि तो दिसण्याइतका कान तयार झाला ही एरवी कौतुकाचीच गोष्ट ठरली असती. ऑपेरा हाऊसजवळच्या देवधरांच्या संगीतशाळेत विद्यार्थ्याचा कान असाच दिवसेंदिवस तीक्ष्ण होत गेला असेल तर त्याला कोणी तृष्णा म्हणणार नाही, त्याला तालीम म्हणतात. सुधारलेला कान आणि न संपणारी खरेदी या दोन गोष्टी एकाच हाताने दिल्या जातात, हीच या विषयातली खरी अडचण आहे.

अनवस्था मोडायची कशी? अधिक चांगले उपकरण आणून ती मोडत नाही, कारण तेच तिचे इंधन आहे. पैसे संपले म्हणून ती थांबते, पण ते थांबणे पुढच्या बोनसपर्यंतचे असते. न्यायसूत्रांनी सांगितलेल्या सोळा पदार्थांत प्रमाण, प्रमेय आणि संशय यांच्यामागोमाग चौथा पदार्थ प्रयोजन हा आहे, म्हणजे जे डोळ्यांपुढे ठेवून माणूस कृतीला लागतो ते. साखळीला बाहेरून टेकण्याची जागा मिळते ती केवळ प्रयोजनातून. गाडीत मुख्यतः बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यपदे ऐकली जात असतील, तर त्या ध्वनिमुद्रणांत खर्जाचा तळ आणि वरच्या टोकाची झळाळी मुळात फारशी उतरलेलीच नाही, त्यामुळे त्यांच्यापुरता सबवूफर निरर्थक आहे. दारातले दोन बऱ्यापैकी स्पीकर आणि शांत केबिन एवढ्याने त्यांचे सारे काही मिळते. ढोलताशाचा ठोका छातीत जाणवावा एवढीच ज्याची इच्छा आहे त्याचा आराखडा वेगळा, आणि प्रवासात बातम्या व व्याख्याने ऐकणाऱ्याला तर बहुधा काहीच बदलण्याची गरज नसते. ज्याचे प्रयोजन ‘जे जे मिळेल त्यातले उत्तम’ असे असते त्याला प्रयोजनच नसते, कारण उत्तमाची व्याख्या दुकानदार दर सहा महिन्यांनी बदलू शकतो.

आराखडा काढणे, मोजमाप घेणे, नगांची संख्या ठरवणे या गोष्टींत मुळातच काही हीन आहे असे कठोपनिषदही मानत नाही. रथ आणि वाद्ये परत करणाऱ्या याच नचिकेत्याने दुसऱ्या वरात स्वर्गप्राप्तीच्या अग्नीची विद्या मागितली होती, आणि ती शिकवताना यमाने त्याला विटा कोणत्या, किती आणि कशा रचायच्या हे तपशीलवार सांगितले. नचिकेत्याने ते सारे जसेच्या तसे म्हणून दाखवले आणि गुरू प्रसन्न झाला. सामग्रीची यादी तोंडपाठ करणारा आणि सामग्रीचे आमिष झिडकारणारा मुलगा एकच आहे. यादी कशासाठी हे त्याला माहीत होते, एवढाच या दोन प्रसंगांतला फरक.

प्रयोजनानंतर प्रश्न उरतो प्रमाणाचा, म्हणजे खरे ज्ञान मिळवून देणाऱ्या साधनाचा, आणि या बाजारात त्याची पदोपदी परीक्षा होते. युनिटच्या खोक्यावर बहुधा ‘५० वॉट गुणिले ४’ असे छापलेले असते. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची आणि इंजिन चालू असताना तो दाब जेमतेम १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. युनिटच्या आतला अँप स्पीकरची दोन्ही टोके आलटूनपालटून ढकलत असला तरी त्याला यापलीकडचा दाब मिळत नाही. १४.४ व्होल्टच्या शिखराचे परिणामी मूल्य सुमारे १०.२ व्होल्ट, त्याचा वर्ग करून स्पीकरच्या ४ ओहम रोधाने भागले की २६ वॉट येतात, आणि परिपथातली गळती वजा जाता प्रत्यक्षात वीसच्या आसपास. ५० हा आकडा क्षणिक शिखराचा आहे. तो सर्वस्वी खोटा नसतो, वेगळ्या व्याख्येने खरा असतो, आणि बोलणाऱ्याने एका अर्थाने म्हणायचे व ऐकणाऱ्याने दुसऱ्या अर्थाने घ्यायचे या प्रकाराला नैयायिकांनी छलाच्या प्रकारांत फार पूर्वीच जागा करून ठेवली आहे. शिवाय आकडा खरा धरला तरी हाती फारसे लागत नाही. शक्ती दुप्पट झाली की आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, आणि कानाला तो दुप्पट मोठा वाटायचा तर साधारण १० डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते.

आकड्यांवर विश्वास नाही म्हणून कानावर विसंबावे, तर तेथेही सावधपणा हवा. दुकानातल्या भिंतीवर स्पीकरच्या जोड्या ओळीने लावलेल्या असतात, बटण दाबले की एकीवरून दुसरीवर जाता येते, आणि गिऱ्हाईक पाचदहा सेकंदांत निकाल देतो. दोन जोड्यांपैकी एक अगदी थोडी मोठ्याने वाजत असली तर ती ‘मोठी’ न वाटता ‘चांगली’ वाटते, हे या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्यामागचे एक कारण फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले: आवाज लहान असताना मानवी कानाला खर्ज आणि अतिउच्च स्वर मधल्या स्वरांच्या मानाने फिके ऐकू येतात, आणि आवाज चढवला की ते भरून येतात. न्यायसूत्रकार गौतमाने प्रत्यक्ष प्रमाणाची व्याख्या करताना इंद्रिय आणि विषय यांच्या संबंधातून उपजलेले ज्ञान एवढेच म्हणून न थांबता ते अव्यभिचारी, म्हणजे न चुकणारे, आणि व्यवसायात्मक, म्हणजे निश्चित असले पाहिजे अशी अट घातली. लॅमिंग्टन रोडवर ही अट पाळायची तर दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून, आपल्या नेहमीच्या परिचयाचे एकच ध्वनिमुद्रण लावून, आणि जमल्यास दुकानात नव्हे तर गाडीत बसून ऐकावे लागते. एवढा हट्ट धरणारे गिऱ्हाईक दुकानदाराला आवडतेच असे नाही.

नचिकेत्याने भोग नाकारताना दिलेल्या कारणांपैकी एक आजच्या संदर्भात अक्षरशः लागू पडते. हे भोग उद्यापर्यंत टिकतील की नाही याची शाश्वती नाही, हे तर तो सांगतोच, पण ते सर्व इंद्रियांचे तेज जीर्ण करतात असेही म्हणतो. कानाच्या आतल्या शंखाकृती नळीत ध्वनीची जाणीव करून देणाऱ्या केसल पेशी असतात, मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ही सुरक्षिततेची प्रचलित मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबलला मुदत निम्मी होते: ९४ डेसिबलला एक तास आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. दादरहून डॉ. आंबेडकर मार्गाने परळ, लालबाग, भायखळा करीत दक्षिणेकडे निघालेल्या गाडीत हॉर्न, बसची इंजिने आणि उड्डाणपुलाखाली घुमणारा गोंगाट यांच्या वर संगीत ठेवायचे म्हणून आवाज नकळत चढवला जातो, आणि ज्या तीक्ष्ण कानासाठी खर्च केला तोच कान बोथट होत जातो. म्हणूनच जाणकार कारागीर अँपच्या आधी दारांच्या डॅम्पिंगचा आग्रह धरतो. गोंगाट ५ डेसिबलने उतरला तर संगीतही तेवढेच उतरवता येते. शांततेवर आधी पैसे खर्च करायला सांगणारा हा सल्ला गिऱ्हाइकाच्या गळी सहसा उतरत नाही, कारण डॅम्पिंग दिसतही नाही आणि वाजतही नाही. दासबोधाच्या चौथ्या दशकात समर्थ नवविधा भक्तीची सुरुवात श्रवणाने करतात, नाना प्रकारचे ऐकावे असे सांगतात आणि शेवटी त्यातले सार शोधून घेणे व असार ओळखून टाकणे यालाच श्रवणभक्ती म्हणतात. ऐकण्यातला मोठा भाग टाकण्याचा आहे हे मठातल्या श्रोत्याला जितके खरे, तितकेच दाराच्या पत्र्यालाही.

उरतो तो दुसऱ्याचा कान. ४० हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी साडेआठ मीटरच्या जवळपास, म्हणजे गाडीच्या लांबीहून दुप्पट असते. असा ध्वनी पत्र्याला आणि काचेला फारसा जुमानत नाही. परळच्या आचार्य दोंदे मार्गाच्या परिसरात केईएम, टाटा मेमोरियल आणि वाडिया ही रुग्णालये शेजारीशेजारी उभी आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि डिकीतला सबवूफर ती सिग्नलला उभ्याउभ्या ओलांडू शकतो. गिरगावाला आणि गिरणगावाला सार्वजनिक आवाजाचे वावडे कधीच नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे. गिरणीचा भोंगा कोणाची परवानगी घेऊन वाजत नसे, गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून आणि लालबागला १९३४ पासून बसणारे गणपती मुक्याने येत-जात नाहीत. परंतु भोंगा सर्वांच्या पाळीचा होता, आरती सर्वांची असते, आणि त्यांच्याविषयी तक्रार असली तरी ती आपल्याच घरातली तक्रार असते. बंद काचांच्या गाडीतून रस्त्यावर झिरपणारा ठोका एकट्याचा असतो आणि ऐकावा लागतो सगळ्यांना. काम धर्माला बाधा न आणणारा असावा ही गीतेची अट या रस्त्यावर अगदी साध्या रूपात समोर येते, आणि तिच्यासाठी ग्रंथ उघडावा लागत नाही.

या साऱ्या खटाटोपाच्या टोकाला जे फळ मिळते, त्याचे स्वरूपही विचार करण्याजोगे आहे. १९३१ मध्ये ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने पेटंटसाठी मांडलेल्या स्टिरिओच्या कल्पनेत दोन स्पीकर दोन बाजूंना असतात आणि गायक मात्र मध्ये, जिथे काहीच नाही तिथे, उभा असल्यासारखा ऐकू येतो. जिथे जे नाही तिथे ते भासणे याला शंकराचार्यांनी अध्यास म्हटले. दोरीवर भासलेला साप दोरी ओळखताच नाहीसा होतो. तांबड्या जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक मात्र पांढरा आहे हे कळूनही फूल हलवेपर्यंत तांबडाच दिसत राहतो, आणि अशा भ्रमाला वेदान्ती सोपाधिक, म्हणजे शेजारच्या वस्तूमुळे टिकून राहणारा, असे म्हणतात. स्टिरिओचा मधला गायक या दुसऱ्या जातीचा आहे. त्याचे रहस्य जाणणाऱ्यालाही तो तितकाच स्पष्ट ऐकू येतो, किंबहुना जाणणाराच त्यासाठी अधिक पैसे मोजतो.

आणि हा भास एकाच जागी नीट जमतो. उजव्या बाजूला बसलेल्या चालकाला उजव्या दाराचा स्पीकर जवळ आणि डावा लांब पडतो. ध्वनी एक मीटर कापायला सुमारे २.९ मिलिसेकंद घेत असल्यामुळे उजवा आवाज आधी पोहोचतो आणि गायक खिडकीकडे ओढला जातो. प्रोसेसरमध्ये उजव्या स्पीकरला तेवढाच उशीर लावला, ज्याला टाइम अलाइनमेंट म्हणतात, की गायक सरकून डॅशबोर्डच्या मध्यावर येतो. पण मग चालकाच्या डावीकडे बसलेल्याला मुळातच डावा स्पीकर जवळ आणि उजवा लांब, त्यात उजव्याला उशिराची भर, त्यामुळे गायक आधीपेक्षाही त्याच्या बाजूच्या दारात जाऊन बसतो. कठोपनिषदाच्या तिसऱ्या वल्लीत शरीर हा रथ, बुद्धी हा सारथी आणि आत्मा हा रथाचा धनी असे रूपक आहे, आणि त्यात धनी व सारथी वेगळे आहेत. दादर-परळच्या बहुतेक घरच्या गाड्यांत हाकणारा आणि मालक एकच असतो, आराखडाही त्यानेच काढलेला असतो, आणि त्यामुळे सगळे माप आपोआप त्याच्या जागेवरून घेतले जाते. मागे बसलेल्या आईवडिलांना अभंग ऐकू येतो, पण गायक समोर उभा राहत नाही. बहुतेक प्रोसेसरमध्ये एकाहून अधिक मापे साठवता येतात, त्यामुळे एक चालकाचे आणि एक सर्वांचे अशी दोन मापे ठेवण्याची सोय आहे. सर्वांच्या मापात कोणालाच पूर्ण चित्र मिळत नाही, प्रत्येकाला थोडेथोडे मिळते, आणि फिटिंग करणारा कारागीर मुद्दाम विचारल्याशिवाय ते दुसरे माप सहसा बसवून देत नाही.